मेलेली घोडी उचलण्याबाबत

एकोणीसशे अठ्ठावन्न साली भिलाईत प्रत्येक कामाला यंत्र आलं होतं. माती उकरायला यंत्र, ती उचलायला यंत्र, आणि यंत्र चिखलात फसलं तर ते ओढायला दुसरं यंत्र. मेलेलं जनावर ओढायला मात्र कुणी काही मागवलं नव्हतं. ते जातीवर होईल, असं सगळ्यांनी न बोलता धरलं होतं.

त्यामुळे पाण्याची गाडी ओढणारी ठेकेदाराची घोडी, टिकली, आजारी पडली तेव्हा मुकादम शेषराव डॉक्टरकडे न जाता सरळ देवाजीच्या झोपडीपुढे उभा राहिला. देवाजी रेल्वेच्या साइडिंगवर माल उतरवणारा खलाशी होता. भंडाऱ्याकडचा, आणि दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध झालेला.

"देवाजी, घोडी मरून राहिली. सांजपर्यंत ओढून नेजो."

"आमी ते काम सोडलं, मुकादम."

"सोडलं? कधी?"

"छप्पनात. तुमाले कोणी सांगतलं नाही?"

"मले सांगून काय होते? घोडीले सांग. ते थोडीच थांबते."

देवाजीची बायको पंचफुला चुलीपुढून उठली. तिच्या बापाने मालगुजाराचे घोडे जन्मभर सांभाळले होते, आणि मेल्यावर ओढलेही होते. पगार एकाच कामाचा.

"म्हणजे मेली नाही न अजून?" तिने विचारलं.

"मरनच."

"मंग आताच द्या. जिती नेतो. आन तिचा हौद धुऊन काढा, बाकीच्यायले त्यात पाजू नका."

शेषराव हसला. "ने न बाई, तुलेच दिली. आज चालवत ने, उद्या ओढत ने."

घोडी वस्तीत आली तशी शेजारची कांता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अक्कल गहाण ठेवली का वो? तिथं मेली असती तं त्यायनं पाह्यलं असतं. तुया दारात मेली तं कोन ओढन? तुया नवराच न? मंग नागपूरले कायले गेलो होतो आपन?"

प्रश्न बिनतोड होता. पंचफुला म्हणाली, "मरू देतो तवा न!"

घोडीच्या जबड्याखाली नारळाएवढी गाठ होती, नाकातून पू वाहत होता. पंचफुलाने कडूनिंबावरची गुळवेल तोडून आणली, ठेचून काढा केला आणि बांबूच्या नळीने घोडीच्या घशात ओतला. गाठीवर हळदीचा गरम लेप. खायला कोंड्याची पातळ लापशी. पाचव्या दिवशी गाठ फुटली. सातव्या दिवशी घोडीने कांताच्या वाळवणातली ज्वारी खाल्ली आणि ती बरी झाल्याचं वस्तीला शिव्यांतून कळलं.

पंचफुला थांबली नाही. रोज सकाळी गुळवेल, मेथी, आस्कंद आणि गूळ यांचा एक लाडू. रोगप्रतिकारक शक्ती हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती त्याला दम म्हणायची.

दुर्गचे ढोरांचे डॉक्टर एकदा येऊन घोडी बघून गेले. त्यांनी सांगितलं, गाठ फुटली आणि आराम मिळाला की यातली बरीच घोडी आपोआप बरी होतात. गुळवेलीने झाली याला पुरावा नाही.

"आपोआप होत होती," पंचफुला म्हणाली, "तं मरनच मरन, हे कोनं ठरवलं?"

डॉक्टर म्हणाले, मला कुणी विचारलंच नव्हतं. हे खरं होतं. ठेकेदाराकडच्या चार वर्षांत त्या घोडीला आराम देऊन पाहण्याचा प्रयोगही कुणी केला नव्हता.

इकडे शेषरावाने हौद धुतला नव्हता. बाकीची चार घोडी त्यातच पीत राहिली. महिन्याभरात चौघांना गाठी आल्या आणि त्यांतलं एक म्हातारं तट्टू पडलं, ते उठलंच नाही.

शेषराव पुन्हा आला. या वेळी चप्पल बाहेर काढून.

"पंचफुलाबाई, तिघायले काढा पायजे."

"सकाळी येतो. हौद धुवा पयले."

"आन... ते एक पडून आहे."

"ते तुमचं."

"वास सुटून राहिला, बाई. साहेब बोंबलून राहिला. रीत आहे न आपली!"

"रीतबी मेली, मुकादम. तिलेबी तुमीच उचला."

शेषराव देवाजीकडे वळला. आवाज बदलला. "साइडिंगवर कोनं लावलं तुले? एक शब्द टाकला तं उद्या गेटच्या बाहीर बसशीन."

देवाजी विडी विझवून उठला. "टाका," तो म्हणाला. "पन तट्टू तिथंच राहीन."

शेषरावाने शब्द टाकला नाही. तिघांना सकाळी काढा हवा होता, आणि पाण्यावाचून काँक्रीट थांबलं असतं तर शब्द त्याच्यावरच पडला असता.

मग क्रेनसाठी अर्ज गेला. अर्जात 'मालाचा प्रकार' असा रकाना होता. घोडा त्यात बसेना. शेवटी 'भंगार, निरुपयोगी' असं लिहून मंजुरी मिळाली. दुपारी मेलेलं तट्टू साखळीला लटकून हळूहळू वर गेलं. दोनशे मजूर टोपल्या खाली ठेवून वर बघत होते. त्यांतल्या कित्येकांच्या बापांनी हे काम पाठीवर केलं होतं.

पंचफुलाने वर बघितलं नाही. ती तबेल्यात तिसऱ्या घोड्याच्या तोंडात नळी घालत होती, आणि घोडा मान झटकत होता.

"मुकादम!" ती ओरडली. "या इकडं, डोस्कं धरा याचं."

शेषराव आला. इकडेतिकडे बघून त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "चावते तो."