खुंटीवरचा चौकड्यांचा सदरा

मी एक जुना, निळ्या चौकड्यांचा सदरा आहे, मित्रांनो. रायचूरकडच्या एका पोलीस ठाण्यात, दाराआडच्या खुंटीवर माझा मुक्काम. घालतात सगळे, धुवायला मात्र कुणी नेत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना बाल न्याय मंडळापुढे नेताना पोलिसाने वर्दी घालायची नाही, असा कायदा. म्हणून हवालदार शरणप्पांनी मला आणलं. खाली खाकी पँट आणि तांबडे बूट तसेच. पोरं काय आंधळी असतात? पण शरणप्पा पाठीवर हात ठेवायचे आणि पोरांची भीती जरा ओसरायची.

एकदा मौनेश आला. पंधरा वर्षांचा. शेतातल्या मोटारीची तार चोरली म्हणून धरलेला. शरणप्पांनी त्याला आधी सुसला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, आणि मिरची भजी खाऊ घातली.

"मामा, अव्वाला कळलंय?"

"पुढच्या तारखेला आणतोच तिला. आई सही करेल, मंडळ सोडेल. मग घरी जा आणि खा तिचा मार."

पोरगं हसलं. तोवर त्याला निरीक्षणगृहात राहायचं होतं.

अव्वा बंगळूरला, बांधकामावर. शरणप्पांनी तिला फोनवर बजावलं, "स्टँडवरच थांब. निळ्या चौकड्यांचा सदरा घातलेला माणूस न्यायला येईल."

नेमकं तेव्हाच त्यांना जत्रेच्या बंदोबस्ताला धाडलं.

"साहेब, पोराला शब्द दिलाय."

"पोराला दुसरी तारीख मिळेल. रथ थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

शरणप्पांनी ठाण्यातल्या हनुमेश शिपायाला सगळं समजावलं. हनुमेशने मला अंगात चढवलं आणि तो थेट निरीक्षणगृहात गेला. स्टँडचं ध्यानातच नाही. मौनेश मला ओळखून धावत आला.

"मामा, अव्वा कुठाय?"

"कोण अव्वा? चल, गप चल."

मला स्वतःचीच लाज वाटली. तिकडे ती माउली येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सदरे बघत दिवसभर बसली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मुकादमाने पुन्हा सुट्टी दिली नाही. शरणप्पांची बदली झाली. मौनेश भिंत चढून पळाला.

परवा त्याला ठाण्यात आणलं, गाड्या चोरणाऱ्या टोळीबरोबर. हनुमेशने सवयीने खुंटीकडे हात नेला.

"राहू दे," साहेब म्हणाले. "अठरा पूर्ण झालीत त्याची. आता वर्दी चालते."

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी हवालदार होईल, कुणी साहेब. लेकराला शब्द दिलात, तर त्याच्या तारखेला स्वतः जा. माझ्यासारखा सदरा कुणालाही बसतो. मौनेशला परवा वर्दीतच नेलं.