खिडकीखालची जागा

दोरखंडाच्या कारखान्याची लांबच लांब शेड आता स्मारक होणार होती. फलकाचं अनावरण उद्यावर आलं होतं. मी सकाळी पोचले तेव्हा रंगारी चुन्याची बादली ढवळत होता आणि अर्धी भिंत पांढरी झाली होती.

उरलेल्या भिंतीवर ओळीने तेलकट डाग होते. कामावरून काढलेल्या बायकांना परत घ्या, एवढंच म्हणत एकवीस माणसं इथे एकोणीस दिवस बसली होती. कुणी दगड उचलला नाही, आवाजही चढवला नाही. तागाला लावायचं तेल त्यांच्या केसांत मुरलेलं असायचं. डोकी टेकली तिथे ते भिंतीने पिऊन घेतलं.

त्यातला एक डाग बाबांचा. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या उशीचा अभ्राही आईने धुऊन टाकला होता.

"एवढं राहू द्या," मी म्हणाले.

"ताई, भिंत चकाचक पाहिजे म्हणालेत साहेब. आधीच हे डाग हट्टी. दोन हात मारले तरी वर येतात."

खिडकीखालची जागा माझी, असं बाबा सांगत. खिडकीखाली दोन डाग होते. वरचा ठसठशीत होता, त्याच्याखाली डोकं टेकून मी बसले.

"अहो, हे काय नवीन!"

"नवीन नाही," मी म्हणाले आणि डोळे मिटले.

दोर वळताना बाबा उलटे चालत. कमरेला ताग गुंडाळलेला, तोंड पीळ देणाऱ्या चाकाकडे, बोटांतून सूत सुटत राहायचं. आताही ते तसेच निघाले होते, शेडच्या त्या टोकाच्या उजेडाकडे. दूर जात होते, पण बघत माझ्याकडेच होते. सूत तुटत नव्हतं.

"ऊठ गं, ही माझी जागा."

काठी टेकत लांब्याकाका उभे होते. एकविसातले आता तेवढेच उरलेत.

"तुझा बाप बुटका. तो पलीकडचा, खालचा डाग त्याचा. माझ्या खांद्यावर कलंडून घोरायचा लेकाचा."

मी सरकले. खालच्या डागाला माझं डोकं बरोबर लागलं. उंची मी बाबांचीच घेतली आहे. काका कण्हत शेजारी बसले.

"किती वेळ बसणार?" रंगाऱ्याने विचारलं.

"मागच्या खेपेला एकोणीस दिवस लागले," काका म्हणाले.

रंगाऱ्याने ब्रश बादलीवर आडवा ठेवला, फोन लावला.

"साहेब, अर्धी भिंत झाली. उरलेल्या भिंतीला माणसं टेकलीयेत."