बाहेरची कडी

शाळेला रंग दिला की सगळं धुऊन निघालं, असं आमच्या मुख्याध्यापकांना वाटतं. लढाईत सैनिकांनी याच शाळेत तळ ठोकला होता. कोपऱ्यातल्या वर्गात त्यांनी गावातल्या बायका-पोरींना कोंडलं, त्यांच्यावर बलात्कार केले. त्यांत माझी भाची होती. मी शाळेत शिपाई आहे. नंतर ती फरशी मीच पुसली, त्यामुळे आडवळणाने बोलणं मला जमत नाही.

आज चौकशी समिती आली होती. सैन्याच्या वकिलाने आधीच सांगून ठेवलेलं, की बायका आपखुशीने स्वयंपाकाला येत आणि त्यांना कुणी कोंडलं नव्हतं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात गावातली शहाणी माणसं भाचीलाच समजावत होती, की झालं गेलं विसर, उद्या तुझं लग्न व्हायचंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तरी ती साक्षीला आली. साहेबमंडळी कार्यालयात चहा पीत होती. त्या वर्गासमोर ती थबकली, म्हणून मीही नीट पाहिलं.

दाराला बाहेरून कडी होती. फार पूर्वी एक मूल वर्गात अडकलं होतं, तेव्हापासून आमच्या दुसऱ्या एकाही वर्गाला बाहेरून कडी नाही. रंगाऱ्याने या कडीवरही रंगाचे दोन हात मारले होते. फरशी पुसताना दाराकडे बघायचं मला भान नव्हतं; आता रोज तिथून ये-जा करते, पण रंगाखाली मलाही दिसली नाही.

शेजारच्या वर्गाबाहेर सुतार बाकं ठोकत होता. त्याच्याकडे पाहिलं तर त्याची मान खाली गेली.

"मला लावायला सांगितली, मी लावली," तो पुटपुटला.

"आणि काढायला कुणी सांगितलं नाही, म्हणून राहिली. होय ना?"

माझा संताप अनावर झाला. त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हिसकावून मी दाराला भिडले. भाचीने माझा हात धरला.

"मावशी, काढू नकोस. त्यांना बघू दे."

मग ती सुताराकडे वळली.

"काका, माझ्या आधी तुम्ही समितीसमोर चला. कुणी लावायला सांगितली, तेवढं बोला. बाकीचं मी सांगते."

तो पळ काढायला शाळेच्या बाहेरच्या दाराकडे बघू लागला. मी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिले.