दोन आखूड शिट्ट्या

मित्रांनो, मी एक जुने, बुटके वाफेचे इंजिन बोलतोय. माझे नाव रॉबिन. माझ्या रुळांमधले अंतर जेमतेम सव्वा फूट, आणि माझी उंची उभ्या माणसाच्या छातीपर्यंत. रविवारी माझ्यात वाफ भरतात, तेव्हा तुम्ही रांग लावून येता, माझ्या अंगावरची पितळी पाटी मोठ्याने वाचता आणि दोरी ओढून माझी शिट्टी वाजवता. महायुद्धात मी चिलखत घालून शत्रूचे विमान पाडले, असे पाटीवर लिहिले आहे. पण तिच्यावर एका माणसाचे नाव लिहायचे राहून गेले आहे. ते कुणी लिहील असे मला आता वाटत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म लढण्यासाठी झालाच नव्हता. सुट्टीत समुद्रावर येणाऱ्या मुलांसाठी खरीखुरी पण लहान आगगाडी हवी, अशी एका हौशी श्रीमंताची इच्छा होती. कारागिरांनी मोठ्या इंजिनाचा एकेक भाग एक तृतीयांश मापाने घडवला, मला हिरवा रंग दिला आणि इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर आणून सोडले. एका बाजूला दगडगोट्यांचा किनारा, दुसऱ्या बाजूला मेंढ्या चरतात ती खाजणे, आणि मधून मी. मुले बादल्या-फावडी घेऊन माझ्या डब्यांत बसत. मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि मुलांपेक्षा जास्त हसत.

माझा चालक होता पर्सी हॉगबेन. माझ्या मागच्या कोळशाच्या डब्यात तो बसे आणि त्याचे डोके माझ्या छपराच्या वर निघे, त्यामुळे त्याला चारी बाजूंचे सगळे दिसे. वाटेत एक पायवाट रूळ ओलांडून जायची. तिला फाटक नव्हते. तिथेच पर्सीचा थोरला भाऊ सायलस एका झोपडीत राहायचा. तो धनगर होता. रोज दुपारी तो मेंढ्या या कुरणातून त्या कुरणात नेई. पर्सी गाडी थांबवायचा आणि दोन आखूड शिट्ट्या द्यायचा. त्याचा अर्थ, मी थांबलोय, ये. एक लांब शिट्टी म्हणजे बाजूला हो. ती सायलससाठी कधी वाजवावी लागलीच नाही.

सायलस मेंढ्यांना हाका मारत रुळावर येई आणि माझ्या तोंडावर तळहाताने दोन थापा मारी. "पर्सी, तुझं हे भांडं आज फार धापा टाकतंय. चहा पाजलास की नाही त्याला?"

"पाजला. तुझ्या वाटणीचा पाजला," पर्सी म्हणे.

बारा वर्षे हे असेच चालले. शेवटच्या दोन वर्षांत सायलसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मग त्या शिट्ट्या गमतीच्या राहिल्या नाहीत, त्याला त्यांचीच गरज पडू लागली. हे फक्त पर्सीला, सायलसच्या मेग नावाच्या कुत्रीला आणि मला ठाऊक होते.

मग युद्ध आले. शत्रू फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत येऊन ठेपला, आणि फ्रान्स समुद्रापलीकडे आमच्या समोरच होता. मुले यायची बंद झाली. किनाऱ्यावर काटेरी तारा आल्या. खाजणातल्या मेंढ्या ट्रकांत भरून दूर पाठवल्या, गावकऱ्यांनाही हलवले. ज्याचा काही उपयोग आहे त्यालाच राहायला परवाना मिळे. एका मालकाच्या चाळीस मेंढ्या मागे राहिल्या होत्या, त्या राखायला सायलसला ठेवले. त्याला दिसत नाही हे कळले असते तर त्याची रवानगी दूरच्या शहरातल्या वृद्धाश्रमात झाली असती.

"खरं सांगून टाकू या," पर्सी त्याला म्हणाला. "तिकडे निदान डोळ्यांचं काहीतरी करतील."

"करतील ना. खिडकीपाशी बसवतील. आंधळ्याला खिडकी," सायलस म्हणाला. "अरे, इथला एकेक चर माझ्या पायाला पाठ आहे. तिकडे पहिल्याच दिवशी जिन्यावरून पडून मरेन मी. तू गप्प राहा. एवढंच कर माझ्यासाठी."

पर्सी गप्प राहिला. त्याने भावाच्या प्रेमापोटी ते केले, आणि त्याबद्दल मी त्याला आजही नावे ठेवू शकत नाही.

मला लष्कराने नेले. हिरव्या रंगावर पोलादी पत्रे ठोकले, पुढेमागे तोफगाड्यांसारखे दोन डबे जोडून त्यांत मशीनगन बसवल्या. नटॉल नावाचा एक जवान मला बघून म्हणाला, "साहेब, चावी कुठून द्यायची याला?" सगळे पोट धरधरून हसले. मला मात्र त्या पत्र्यांखाली गुदमरल्यासारखे होई. पर्सीलाही चहूबाजूंनी पत्र्याने झाकून टाकले होते. समोर बोटभर रुंदीची एक फट होती, तेवढेच त्याचे जग.

आमचा अधिकारी लेफ्टनंट फॅरंट. पहिल्याच दिवशी त्याने हुकूम दिला, "शिट्टी बंद. गाडी कुठे आहे हे कुणाला कळता कामा नये." मग त्याने पर्सीला विचारले, "त्या पायवाटेपाशी तुमचे भाऊ असतात ना? त्यांना नीट दिसतं ना?"

"तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं, साहेब," पर्सी म्हणाला.

"मग हरकत नाही."

फॅरंट वाईट माणूस नव्हता. खरे कळले असते तर त्याने तिथे एखादा पहारेकरी उभा केला असता, असे मला कितीदा वाटून गेले आहे. पण आता त्या वाटण्याला काय अर्थ?

तीन महिने निभावले. पायवाट आली की पर्सी मला चालत्या माणसाइतके हळू करी. सायलस रुळाला काठी टेकवून कंप पाहायचा आणि मी पुढे गेल्यावर ओलांडायचा. एकदा तो म्हणाला, "तुझं भांडं मुकं झालं रे. पुन्हा ती शिट्टी ऐकली की मी समजेन, युद्ध संपलं."

ऑक्टोबरातली दुपार होती. समुद्रावरून एक विमान अगदी खालून आले. "पळवा, थांबू नका," फॅरंट मागून ओरडला. पर्सीने मला मोकळे सोडले. मशीनगन सुरू झाल्या, माझ्या पत्र्यांवर गोळ्या ताडताड आपटू लागल्या, सगळी जमीन हादरत होती. त्यात काठीला रुळाचा कंप काय कळणार? फटीतून पर्सीला दिसले, वाटेच्या कडेला सायलस उभा होता, मेंढ्या त्याच्या पायांशी गोळा झाल्या होत्या आणि तो तोंड वर करून कुठे जावे याचा अंदाज घेत होता.

पर्सीचा हात दोरीकडे गेला. एक लांब शिट्टी हवी होती. पण त्या जागी, त्या माणसाला बघून, त्या हाताने बारा वर्षे एकच गोष्ट केली होती.

मी वाजलो. दोन आखूड शिट्ट्या, स्वच्छ.

सायलसचा चेहरा उजळला. मित्रांनो, मी समोरच होतो, मी तो पाहिला. त्याने मेंढ्यांना हाक मारली, रुळावर पाऊल टाकले आणि माझ्या तोंडावर थाप मारायला हात पुढे केला. पर्सीने ब्रेक आवळले. माझी चाके जागच्या जागी अडकली, पण चिलखताचे ओझे मला घसरत पुढे नेतच राहिले. मला थांबता आले नाही.

विमान पलीकडच्या कुरणात कोसळले. जवान आरोळ्या ठोकत उतरले, नटॉल पर्सीच्या पाठीवर थाप मारायला धावत पुढे आला आणि तिथेच थबकला. पर्सी रुळांत गुडघ्यांवर बसला होता.

"तुमचा दोष नाही," फॅरंट हळूच म्हणाला. "तुम्ही शिट्टी दिलीत. मी स्वतः ऐकली."

"तुम्हाला नाही कळायचं, साहेब," पर्सी म्हणाला. "मी त्याला ये म्हटलं."

विमानाची बातमी छापून आली, माझे छायाचित्रही आले. सायलसबद्दल एक ओळही नव्हती. पर्सीने मला युद्ध संपेपर्यंत चालवले, पण दोरीला पुन्हा हात लावला नाही. शांतता झाली त्या दिवशी चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि लोक त्याला म्हणत होते, आता तरी वाजव. तो खाली उतरला आणि घरी निघून गेला. तो परत आला नाही. पुढे माझे चिलखत काढले, वर हिरवा रंग चढवला, मुले आली. खिळ्यांची भोके रंगाखाली अजून आहेत. मेंढ्या पुन्हा कुरणात आल्या, पण त्या वाटेने मेंढ्या घेऊन कुणी रूळ ओलांडत नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, मला पुसा, असे मागणे माझे नाही. तुमच्या घरात कुणाचे डोळे जात असतील तर प्रेमापोटीसुद्धा ते लपवू नका. जमले तर पाटीखाली 'सायलस हॉगबेन' एवढे दोन शब्द कोरा. आणि शिट्टी वाजवायचीच असेल तर दोरी एकदाच, लांब ओढा. दोनदा ओढू नका. दोनदा ओढलीत की मला वाटते, कुणीतरी विश्वासाने रुळावर पाऊल टाकले आहे, आणि मी अजून थांबलेलो नाही.