साठ सेकंदांचा मानकरी

तुमचा विश्वास बसणार नाही, पण गेल्या बुधवारी मी साठ सेकंदांत एकतीस शब्द लावले. समोर नागपूरची कोणी वकीलबाई होती. हरल्यावर तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी हे सांगितलं, तेव्हा फ्रँक परेराने चालणं सोडून माझ्या फोनवरचा आकडा दोनदा वाचला. आकडा खरा होता. ‘मी’ तेवढा खोटा.

शब्दझुंज नावाचा हा फोनवरचा खेळ. नऊ चौकोनांत नऊ अक्षरं येतात, मिनिटभरात जो जास्त शब्द लावेल तो जिंकतो. फोन माझा, नाव माझं, हेमचंद्र. खेळते सरोजिनी, माझी बायको. दुपारची भांडी आवरली की ओट्याला टेकून उभी राहते आणि मेथी निवडावी तसे अंगठ्याने शब्द निवडते.

पहिल्यांदा आकडा दाखवला तेव्हा कट्ट्यावरच्याच दत्तारामने विचारलं होतं, “हेमू, तू रे?” नाही म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी हसलो. मग गोष्ट वाढतच गेली. कधी मी दाढी करता करता जिंकलो, कधी एक डोळा मिटून.

परवा रविवारी मंडळींनी कट्ट्यावरच माझ्यासाठी शाल-श्रीफळ ठेवलं. वहिनींना आणायचंच, असा हुकूम. सरोजिनीला मी “ज्येष्ठांचं काहीतरी आहे” एवढंच सांगितलं. तिने ठेवणीतली साडी नेसली.

हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेली शाल माझ्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला आणि दत्ताराम बोलायला उभा राहिला.

“वहिनी, नशीबवान हां तुम्ही! एकतीस शब्द, मिनटात! नायतर तुम्ही. हेमू सांगत होता, तुम्हाला साधा फोन उचलायचा तरी घाम फुटतो म्हणे!”

मंडळी हसली. हे मीच सांगितलं होतं. गोष्टीला जरा रंग यावा म्हणून.

सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं. बाजारात आपली म्हणून उचललेली पिशवी दुसऱ्याची निघावी, तसं. मग दत्तारामला म्हणाली, “हो ना भाऊजी, मला कुठलं जमतंय.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. नारळ खाली ठेवायलाही मला जागा सापडेना.

“भाषण पुरे, मॅन,” फ्रँक म्हणाला. “एक गेम इकडेच होऊन जाऊ दे. सगळे बघतील.”

“अरे, डोळ्यांत थेंब घातलेत,” मी म्हणालो. खोटं माझ्या तोंडातून माझ्याआधी बाहेर पडतं. “पण हरकत नाही. मी शब्द सांगतो, ही नुसतं बोट लावेल.”

“मी?” सरोजिनी म्हणाली.

“तूच. मी सांगेन तेवढंच दाब.”

तिने चष्मा पदराला पुसला आणि फोन घेतला. मंडळी भोवती उभी राहिली. अक्षरं आली: का, म, ळ, ना, र, व, स, ट, ल.

“काम!” मी ओरडलो.

तिचं ‘कासव’ लावून झालं होतं. मी ‘नाव’ शोधेपर्यंत ‘सकाळ’ आणि ‘सरळ’ गेले. मग मी शोधणं सोडलं आणि पडद्यावर तिने लावलेला जो शब्द दिसेल तो म्हणत सुटलो. भोईवाड्याच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं पुकारलेला माझा आवाज. तो काय कमी पडतो!

“नारळ! काळ! मळवट!”

“मळवट! क्या बात है!” दत्तारामने टाळी दिली. मंडळी मोजू लागली. चौदा, पंधरा. सरोजिनीची मान खाली. वाटलं, निभावलं.

फ्रँक टाळ्या वाजवत नव्हता. तो तिच्या मागे जाऊन वाकून पाहत होता. त्याने माझ्या शालीवर हात ठेवला.

“हेमू, जरा गप राहा.”

मी गप्प झालो. सरोजिनीचा अंगठा मात्र चालूच होता. एक शब्द लागला, दुसरा लागला, तिसरा लागला.

“ए, बघा रे,” फ्रँक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ह्याचं तोंड बंद आहे तरी शब्द येतायत. रोज वहिनीच खेळतात, मॅन!”