बिल्ला सरळ झाला तेव्हा

मी एक जुना ड्रमसेट आहे. खरं म्हणजे आम्ही पाच ड्रम आणि दोन झांजा मिळून सात जण आहोत. पण आत्मवृत्तात ‘मी’ म्हणायचं असतं, म्हणून म्हणतो. माझ्या गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून गोल वाकवीत, वर पडदा ताणीत आणि शेवटी पितळी बिल्ला ठोकीत. सकाळी एका नामांकित कंपनीचा बिल्ला, दुपारी एका स्वस्त कंपनीचा. लाकूड तेच, कारागीर तोच, हातोडीही तीच. मी नेमका जेवणाच्या सुट्टीत तयार झालो. कारागिराने तोंडात घास असतानाच बिल्ला ठोकला. तो लागला नामांकित कंपनीचा, आणि लागला तिरका. मित्रांनो, मी सकाळचा शेवटचा, की दुपारचा पहिला असून चुकून मोठ्या घरचं नाव लागलेला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मला ताईंनी घेतलं. त्या एका हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवीत. लोक गाणाऱ्याकडे बघत. आमच्याकडे फक्त काही चुकलं तरच. माझ्या मधल्या ड्रममध्ये एक स्क्रू जन्मापासून सैल होता. ठोका पडला की मागून बारीक खडखड येई. ताई म्हणत, “राहू दे. ठोका पोचल्याची पोच आहे ती.”

पुढे ताईंचे गुडघे धरले. मी मागच्या खोलीत गेलो. मोठ्या ड्रमवर इस्त्रीचे कपडे आले, झांजेवर ओली छत्री आली. छत्रीचं आणि माझं बरं जमलं होतं.

मग ताईंचे धाकटे भाऊ बापू त्यांच्याकडे राहायला आले. बापूंनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. एके दिवशी ते म्हणाले, “ताई, वाद्यांच्या संग्रहालयाला असा सेट हवाय. काचेच्या कपाटात ठेवतील. खाली तुझं नाव.”

“खाली नाव म्हणजे मी गेल्यासारखंच की रे.”

“तसं नाही गं. इतकी वर्षं वाजवलंस, तुझं नाव कुठे आलं का? गाणाऱ्याचं आलं, हॉटेलच्या खानसाम्याचंही आलं.”

यावर ताई उठल्या. त्यांनी झांजेवरची छत्री उचलून नेली. अट एवढीच होती, की सेट अस्सल हवा. तपासायला तज्ज्ञ येणार होते.

बापू कामाला लागले. आतलं खरबरीत लाकूड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. गंजलेले स्क्रू फेकून नवे चकचकीत बसवले. तिरका बिल्ला काढून, लेव्हल लावून सरळ ठोकला. मला वाटलं, आता मी अस्सल झालो.

तज्ज्ञ आले. त्यांनी टॉर्च लावून माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“आतून कोणी घासलं?”

“मीच. स्वच्छ नको?” बापू म्हणाले.

“खरा असेल तर आत पेन्सिलच्या खुणा असतात. स्क्रू जुने असतात. आणि बिल्ला तिरका असतो. त्या कारखान्यातला कारागीर सरळ ठोकायचाच नाही.”

“तिरकाच होता हो! मी सरळ केला.”

“सगळे असंच म्हणतात.”

मी चक्रावलो. बिघडलेला होतो तेव्हा अस्सल होतो, दुरुस्त झालो तर नकली?

ताई म्हणाल्या, “एकदा वाजवून तरी बघा.”

“आवाज हा पुरावा नसतो,” तज्ज्ञ म्हणाले. “शिवाय मला वाजवता येत नाही.”

ते चहा न घेता गेले. ताई गुडघा धरत स्टुलावर बसल्या आणि मधल्या ड्रमवर एक ठोका दिला. मग थांबल्या.

“बापू, खडखड कुठे गेली?”

“बंद केली. वॉशर घातला.” बापू म्हणाले. “तुझं नाव लागावं म्हणून सगळं केलं गं. मीच वाट लावली.”

“पाना आण.”

ताईंनी स्वतःच्या हाताने स्क्रू उघडला, वॉशर काढून बापूंच्या तळहातावर ठेवला आणि स्क्रू अर्धवटच आवळला. ठोका दिला. पोच आली.

“हा माझा,” ताई म्हणाल्या. “आता कपाटात जायचा नाही. तू ती झांज घे. मी मान हलवली की मार.”

“मला कुठे येतं?”

“त्या तज्ज्ञालाही येत नाही. घे.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वाजतो. बापूंची झांज नेहमी उशिरा येते. बिल्ला अजून सरळच आहे. मी अस्सल आहे की नाही, हे विचारू नका. मी स्वतःच संभ्रमात आहे. तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल, तर मित्रांनो, त्याची काळजी घ्या, पुसा, झाका. पण त्याला सुधारायला जाण्यापूर्वी, ते ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. आणि त्यावर छत्री वाळत घातली असेल, तर आधी ती काढा.