बांधावरची घरं

शिसारी आली मला. आधीच सांगून ठेवते, म्हणजे सिंधुबाई देवाधर्माला नावं ठेवते असं कोणी म्हणायला नको. ब्रह्मगिरीची फेरी मी लग्नाआधीपासून करत आलेय, तीही अनवाणी. चिखल तुडवलाय, पाय फोडून घेतलेत, पण किळस कधी आली नव्हती. ती ह्या श्रावणात आली.

ह्या वेळचं खूळ आमच्या सूनबाईंचं, पल्लवीचं. सोमवारी गर्दी फार, म्हणून तिने मोबाइलवरून 'पुण्यवाट' नावाच्या कुठल्याशा मंडळींकडे रविवारची फेरी बुक केली. सोबत गाइड, नाश्ता, जेवण, वर पिवळा टी-शर्ट. मी म्हटलं, "अगं, डोंगराला वळसा घालायला गाइड कशाला? डोंगर काय पळून जातोय?"

तर हळूच म्हणाली, "आई, ते लोक घरं रचायच्या जागी नेतात."

फेरीच्या वाटेवर दगडावर दगड ठेवून लहानसं घर रचायचं, म्हणजे आपलं घर होतं, अशी लोकांची समजूत. आणि आम्हाला घर हवंच होतं. देवळाली कॅम्पात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी, माझा मुलगा सार्थक आणि ही. आषाढात घरमालक आला, पल्लवीच्या हातचा चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करा. पल्लवी काय म्हणाली असेल? "हो दादा." वर कप उचलून विसळायला घेऊन गेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, एकदा तरी आवाज चढव," मी म्हटलं.

"भांडून घर मिळतं का आई?"

अशी ती. गरीब गाय. तेव्हा म्हटलं, चल बाई, निदान दगडाचं तरी रच.

सकाळी कुशावर्तावर पाय धुतले तेव्हाच समजलं की आज आपलं काही खरं नाही. आमचा गाइड धनराज. पोरगा नाशिकचा, कमरेला स्पीकर आणि गालाला चिकटलेला माइक. 'हर हर महादेव' म्हणायचा आणि त्याच दमात 'टी-शर्टवरचं नाव दिसेल असे उभे राहा' म्हणायचा. महादेवाला पण जाहिरातीत उभं केलंन मेल्याने. पेगलवाडीच्या पुढे नाश्ता झाला. पोहे खाल्ले आणि प्लेटा दिल्या गवतात भिरकावून. एक गृहस्थ 'बम भोले' ओरडले आणि लगेच पचकन गुटखा थुंकले, तो नेमका वाटेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडावर. तोंडाने देव आणि त्याच तोंडाने पिंक.

"आई, लक्ष देऊ नका," पल्लवी म्हणाली.

"तू देतेस का कधी कशाकडे लक्ष?"

दुपार चढली तशी आम्ही डोंगराच्या मागच्या अंगाला आलो. वाटेला लागूनच भाताची खाचरं, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. आवणी, म्हणजे लावणी होऊन रोपांनी नुकतं कुठे अंग धरलेलं. पाऊस मात्र आठवडाभर गायब होता. खाचरांत जे पाणी अडवलेलं होतं तेवढंच. माझ्या पायात काटा मोडला म्हणून मी आंब्याखाली बसले, आणि धनराजचा स्पीकर खरखरला.

"मंडळी, हीच ती जागा! आपापलं घर रचून घ्या. जेवढे मजले, तेवढी भरभराट. दगड इथलेच घ्या, इथल्या दगडात शक्ती आहे. आणि एक लक्षात ठेवा, रचलेलं घर मोडायचं नाही. मोडलं की इच्छा मोडली."

पूर्वी आम्ही खालच्या ओहोळातून दगड आणायचो. उतरायचं, निवडायचं, ओटीत घेऊन वर चढायचं. चार दगडांत जीव निघायचा, म्हणून घरं पण चार दगडांचीच व्हायची. ह्यांची बघता बघता माड्या उभ्या राहिल्या. कोणी टू बीएचके म्हणतंय, कोणी पार्किंग रचतंय. मला वाटलं, बरे उरकतायत. काटा काढण्याच्या नादात मान वर करून बघितलंच नाही की दगड येतायत कुठून.

पल्लवीचं घर सगळ्यांत देखणं. खाली ही एवढी रुंद फरशी, त्यावर सरळ चढत गेलेले दगड, टोकाला तेरड्याचं फूल. मला हात धरून दाखवायला नेलं. तळाशी एक गुळगुळीत दगड बाजूला जोडला होता. "ही तुमची खोली, आई. खालीच ठेवली. तुमचे गुडघे दुखतात ना." खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. तिने दोन दगड माझ्या हातात दिले, मीही एकावर एक ठेवले आणि हात जोडले.

तेवढ्यात खालून ओरडा आला.

"बांध फोडला! अगं बाय, माझा बांध फोडला!"

गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, उन्हासाठी डोईवर इरलं घेतलेली एक म्हातारी खाचरातून धावत येत होती. भागीबाई तिचं नाव, ते मला नंतर कळलं. मी वळून पाहिलं. त्या खाचराचा दगडी बांध मधोमध बोडका झाला होता. ह्या मंडळींनी ओहोळात उतरायचे कष्ट नकोत म्हणून बांधातलेच दगड उपसले होते, छान चपटे, हाताशी आयते. आणि जिथून दगड गेले तिथून माती खचून पाणी भसाभस खालच्या वाटेवर वाहत होतं. रोपं मुळांसकट आडवी होऊन त्या पाण्याबरोबर चालली होती.

"पाऊस नाय बाय," भागीबाई हाताने चिखल लोटत म्हणाली. "हेच पानी होतं. हे गेलं की भात उभ्याने वाळंल. मंग वरीसभर खाऊ काय आमी?"

मी ओरडले, "अरे, बघता काय? आणा ते दगड परत!"

एक माणूस हलेल तर शपथ. सगळे आपापल्या घरापुढे असे उभे राहिले, जसा काही महापालिकेचा बुलडोझर आला.

चष्मेवाली एक बाई म्हणाली, "तसं नाही हो, पण आम्ही मुलाच्या फ्लॅटचं मागितलंय. मोडलं तर अपशकुन होतो."

"अहो, तिचं शेत वाहून चाललंय!"

"मग आपण सगळे मिळून तिच्यासाठी प्रार्थना करू."

गुटखेवाले गृहस्थ भागीबाईचा व्हिडिओ काढत होते. धनराजने माइक बंद केला आणि माझ्या कानाशी आला. "काकू, ऑफिसला कळवतो मी. पण घरं मोडायला मी कोणाला सांगू शकत नाही. लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे. आणि पुढे जेवण थंड होतंय."

भावना! हिच्या ताटातला भात ओरबाडून स्वतःच्या भावनेला माड्या बांधल्या आणि आता ह्यांचं जेवण थंड होतंय. थुंकावंसं वाटलं मला, पण थुंकायचं काम तिथे आधीच बरेच जण करत होते.

मी माझं दोन दगडांचं घर उचललं आणि भागीबाईच्या पुढ्यात नेऊन टाकलं. तिने दगड बसवले. दोन्ही बाजूंनी पाणी तसंच वाहत होतं.

"ह्यांनी नाय भागायचं," ती म्हणाली. "तळाचा रुंद दगड पायजे. त्यावरच सगळा बांध उभा होता." तिने वर पाहिलं आणि बोट केलं. "तो तिथं हाय."

बोट पल्लवीच्या घराकडे होतं.

पल्लवी धावत खाली आली आणि आडवी उभी राहिली. "आई, तेवढं एक राहू द्या ना." आवाज रडवेला. "दुसरा शोधते मी. ओहोळातून आणते."

दिवाळीनंतर आम्ही कुठे जाणार हे मला तरी कुठे ठाऊक होतं? ती एकदा घराकडे बघायची, एकदा पाण्याकडे. एवढ्यात चिखलातून एक रोप वाहत आलं आणि तिच्या पावलाला अडकलं. तिने ते वाकून उचललं, भागीबाईच्या हातात दिलं, आणि वर चढून दोन्ही हातांनी आपलं घर खाली लोटलं. फूल, मजले, माझी खोली, सगळं. ती फरशी एकटीच छातीशी धरून खाचरात उतरली.

मंडळी तोपर्यंत वाटेला लागली होती. कोणीतरी जाता जाता म्हणालं, "सासूने मोडायला लावलं बिचारीला." म्हणा बाबांनो. मंडळी वळणाआड जाताच मी त्या सगळ्यांच्या माड्या एकेक करून पाडल्या. टू बीएचके पाडलं, पार्किंग पाडलं, मुलाचा फ्लॅट पाडला. पाप लागायचं तर मला लागो. मी दगड द्यायची, पल्लवी वाहायची, भागीबाई बसवून वरून चिखल थापायची. पाणी थांबलं तेव्हा अर्धं खाचर उरलं होतं. अर्धं गेलं ते गेलंच.

आम्ही तिघी बांधावर टेकलो. भागीबाईने हातपाय धुतले, आणि खाचराच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे बघत बसली. रडली नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. पल्लवीला म्हटलं, "चल आता. फेरी अर्धवट राहिली तर फळ मिळत नाही म्हणतात."

ती उठली. टी-शर्ट झटकत होती, तोच मागच्या वळणावरून स्पीकर खरखरला.

"मंडळी, हीच ती जागा! आपापलं घर रचून घ्या!"

पुण्यवाटची दुसरी तुकडी. दुसरा गाइड, तेच पिवळे टी-शर्ट. पहिला आला तो चांगला धिप्पाड गडी, अंगाने आमच्या घरमालकासारखाच. हसत हसत वाकला आणि ओल्या चिखलातला वरचा दगड सोडवायला त्याने बोटं घातली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून असा आवाज फुटला की आंब्यावरचे कावळे उडाले. मला क्षणभर कळेचना कोण ओरडलं.

"ठेव तो दगड खाली!"

गड्याने दचकून हात मागे घेतला. पल्लवी बांधावर परत बसली होती, पाय रोवून, बरोबर तळाच्या फरशीच्या वर. "आई, तुम्ही त्या टोकाला बसा," ती म्हणाली. "आज फेरी इथेच."